तिसऱ्या मजल्याचा भाव

"ही भिंत पावसात ओली होते," सिस्टरने सांगितले. "इथपासून इथपर्यंत. तीन वर्षं झाली. दोनदा रंग दिला, दोनदा पोपडे आले. आत्ता कोरडी लागतेय हाताला, पण बरी झालेली नाही."

दलाल खोकला. त्याला खोकला झालेला नव्हता.

घर बघायला आलेल्या बाईंनी भिंतीवरचा हात काढून घेतला. "आणखी काय?"

"मोरीतला नळ ठिबकतो. वायसर बदलला की महिनाभर गप्प बसतो, मग पुन्हा सुरू. मधल्या खोलीतल्या खिडकीची खालची कडी लागत नाही, दोरी बांधलीय. स्वैपाकघरात उजेड दुपारी दोनपर्यंत. आणि जिने तीन, छप्पन्न पायऱ्या. लिफ्ट नाही, होणारही नाही."

"सिस्टर, बाईंना जरा गॅलरी दाखवू या," दलाल घाईघाईने म्हणाला. "हवा काय येते बघा इथे."

"हवा येते," सिस्टर म्हणाली. "धूळही येते."

सिस्टरला नोकरीतून सुटून पाच वर्षे झाली होती, तरी तिला सगळे सिस्टरच म्हणत. छत्तीस वर्षे तिने मोठ्या इस्पितळात वॉर्ड सांभाळला. पाळी संपली की घरी पळायचे, असे तिथे नव्हते. नवी नर्स आली की प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे आणि त्या माणसाचे सगळे तिच्या ओटीत घालायचे. ताप किती, लघवी झाली का, कुठे दुखले, काय खाल्ले, काय लपवले. सांगायचे राहिले तर ते रोग्याच्या जिवावर उठते. छत्तीस वर्षांत सिस्टरचे काही सांगायचे राहिले नाही. आता घर दुसऱ्याच्या हाती द्यायचे, तर तेही तिला तसेच देता येत होते. दुसरी रीत तिला माहीत नव्हती.

बाई शाळेत गणित शिकवायच्या. त्याही नुकत्याच निवृत्त झालेल्या, एकट्याच. उभी हयात भाड्याच्या खोलीत काढलेली. त्यांनी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"किंमत?"

"अठ्ठावीस लाख."

"हे बोलायचं की घ्यायचं?"

"दोन्ही तेच."

बाईंना गंमत वाटली. "अठ्ठावीसच का पण? सत्तावीस का नाही, तीस का नाही?"

आणि सिस्टरने सांगून टाकले. पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत शेवटचे घर. शिलाईवाल्या मावशींचे. तळमजला, दीड खोली, मागे उघडी जमीन, चौदा पावले लांब आणि पाच पावले रुंद. मावशी मुलीकडे राहायला जायच्या आहेत. त्यांच्या ऑपरेशनला सिस्टरने त्यांना सांभाळले होते, म्हणून त्यांनी पाटी लावली नाही, दलाल घातला नाही, सिस्टरसाठी थांबून राहिल्या. सत्तावीस त्यांना, एक लाख कागदपत्रांना आणि सामान हलवायला.

"म्हणजे इथून मोठं घर देऊन तुम्ही लहान घर घेणार?"

सिस्टरने पुढच्या खोलीकडे पाहिले. तिथे खिडकीशी खाट होती आणि खाटेवर माळीबुवा होते, तिचे यजमान. उजवी बाजू लुळी, डावा डोळा मात्र चिमणीसारखा सगळीकडे भिरभिरणारा. सार्वजनिक बागेत तीस वर्षे त्यांनी मातीत काम केले, आणि दोन वर्षे झाली, त्यांच्या पायाला माती लागली नव्हती. एकदाच तपासणीसाठी चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना खाली न्यायचे ठरवले. दुसऱ्या मजल्यावर त्यांचा लुळा खांदा निखळला. तिथूनच परत वर आणले. त्यानंतर माळीबुवांनी खाली जायचा विषय काढला नाही. पण खिडकीतून कुणाच्या हातात कुंडी दिसली की त्यांचा डावा हात पांघरुणावर काहीतरी उकरत राही.

गणिताच्या बाईंनी सगळे पाहिले. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "पंचवीस देते."

"नाही हो."

"सव्वीस. आता तुम्ही थोडं खाली या, मी थोडी वर येते."

"मी खाली कुठून येऊ, बाई? मात्रा कमी करून औषध दिलं, तर ते दिलं असं होत नाही."

बाई जिना उतरून गेल्या. एक पाय खालच्या पायरीवर, मग दुसरा त्याच पायरीवर. त्यांचा गुडघा दुखत असावा हे सिस्टरच्या तेव्हाच लक्षात आले.

दलाल मागे राहिला. त्याने कपाळावर हात मारून घेतला नाही एवढेच.

"सिस्टर, एकतीस म्हणा असं मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"पण मला अठ्ठावीस हवेत."

"तेच तर. तुम्ही एकतीस म्हणायचं, त्यांनी पंचवीस म्हणायचं. मग थोडं तुम्ही रुसायचं, थोडं त्यांनी उठून जायचं, आणि अठ्ठावीसला हात मिळवायचा. घेणाऱ्याला काहीतरी जिंकून जायचं असतं हो. तुम्ही त्याला जिंकूच देत नाही."

"एकतीस खोटं आहे."

"खोटं कसलं? एकतीस म्हणजे नमस्कार आहे. दारात आलेल्याला करायचा. आणि गरज कुणी सांगतं का? पोटातली गोष्ट पोटात. घराचा भाव तुमच्या गरजेवर ठरत नाही, सिस्टर. तो त्या छप्पन्न पायऱ्यांवर ठरतो."

खाटेवरून आवाज आला. माळीबुवांच्या तोंडून शब्दाची पहिली दोन अक्षरे बाहेर येत, उरलेली जिभेखाली भिजून जात. बाहेरच्याला नुसती गुरगुर ऐकू येई. सिस्टरला प्रत्येक काना-मात्रा कळे.

"ते म्हणतायत, भाऊ बरोबर बोलतोय," तिने दलालाला सांगितले.

"बघा," दलाल म्हणाला. "माळीबुवांना कळतं."

"त्यांना कळतं. मला जमत नाही."

सिस्टर दर रविवारी टाकीमागच्या गल्लीत जाऊन यायची. मावशींची चौकशी करायची आणि मागच्या दाराशी उभी राहून डोळ्यांनी मोजून घ्यायची. घरी आली की चपला काढायच्या आत माळीबुवांचा पहिला प्रश्न असे.

"ऊन?"

"नऊला येतं. साडेअकराला भिंतीआड जातं."

"माती?"

"वरून कडक आहे. काडीने उकरलं तर आत काळी."

"पाणी?"

"मोरीचं वाहतं बाहेर. भिंतीशी साचतं."

मग त्यांचा डावा हात हवेत रेघा ओढू लागे. इथे आळे. इथे वेल, तारेवर. भिंतीशी अळू, म्हणजे साचलेले पाणी वाया जाणार नाही. कोपऱ्यात एक जागा मोकळी, खुर्चीची. खुर्चीतून डावा हात खाली सोडला की मातीला पोचला पाहिजे. सिस्टर भाजी निवडत ऐकायची. लग्नाला सदतीस वर्षे झाली. त्यांतली निम्मी तिची रात्रपाळीत गेलेली आणि यांची पहाटे बागेत. एवढे बोलणे त्यांच्यात कधी झालेच नव्हते. न घेतलेल्या घरात त्यांचा दुसरा संसार असा रविवारी रविवारी मांडला गेला. त्याच्या मातीला वास होता, उन्हाला वेळ होती, फक्त ते घर त्यांचे नव्हते.

चार महिने गेले, पाच गेले. येणारी माणसे पंचवीसवरून चोवीसवर आली, चोवीसवरून साडेतेवीसवर. दलाल म्हणाला, "पोळी शिळी होते तसं घरही शिळं होतं, सिस्टर. सहा महिने बाजारात पडून राहिलं की लोक घर बघत नाहीत, खोट काय ते शोधतात. आता एकतीस म्हणून उपयोग नाही, हसतील. अठ्ठावीसलाच हसतात."

"मग काय करायचं?"

दलालाने इकडेतिकडे पाहिले. मग सिस्टरला स्वैपाकघरात बोलावून, जवळजवळ कानात, म्हणाला, "रागावू नका. माणूस आत येतो आणि पहिली खाट दिसते. त्याला वाटतं, या घरात आजार आहे. तेवढ्यावर दोन लाख उतरतात. उद्या एक नवरा-बायको येतायत, तरुण आहेत, जिन्यांचं काही वाटणार नाही त्यांना. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. पडदा लावा."

सिस्टर रागावली नाही. तिने ट्रंकेतून जुनी हिरवी चादर काढली, खाटेच्या दोन बाजूंना दोरी ताणली आणि चादर टाकली. माळीबुवा बघत होते. तिने त्यांना सगळे सांगितले आणि विचारले, "चालेल ना?" त्यांनी डावा डोळा मिटला. म्हणजे हो.

जोडपे आले. हसरी पोरे होती. मुलीने पर्समधून टेप काढली आणि खोल्या मोजत सुटली. तिने ओल्या भिंतीवर हात ठेवला तरी सिस्टर काही बोलली नाही. दलाल पाठीमागे उभा राहून समाधानाने मान हलवत होता. मुलीची टेप पुढच्या खोलीत हिरव्या पडद्यापर्यंत आली आणि थांबली.

"याच्यामागे काय आहे हो, काकू?"

सिस्टर म्हणाली, "सामान."

पडदा हलला नाही.

"मग काय, भरपूर मोठी आहे खोली," मुलगी नवऱ्याला म्हणाली. जिन्यात उभे राहून त्यांनी दलालाशी कुजबुज केली. दलाल परत वर आला तो दोन-दोन पायऱ्या चढत. "साडेसत्तावीस म्हणाले. उद्या वडिलांना घेऊन येतात. सिस्टर, झालं बघा."

दलाल गेल्यावर सिस्टरने पडदा बाजूला केला. माळीबुवा छताकडे बघत होते. बराच वेळ त्यांनी ओठ जुळवले.

"वॉर्डात... पडदा... कधी लावता?"

सिस्टरला उत्तर माहीत होते. छत्तीस वर्षांत कितीदा तिने तो लावला होता. शेजारच्या खाटेवरच्यांना दिसू नये म्हणून, अगदी शेवटी. तिने चादर उतरवली, घडी घातली, दोरी सोडून गुंडाळली. मग तिने त्यांची कूस बदलली, पाठीला पावडर लावली आणि हात पाठीवरच ठेवून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी पोरे वडिलांना घेऊन आली. खाट होती तिथेच होती. माळीबुवांनी डावा हात उचलून सगळ्यांना नमस्कार केला. मुलगी खाटेकडे बघत राहिली, मग सिस्टरकडे, मग आपल्या चपलांकडे. वडिलांनी विचारले, "यांना काय झालंय? संसर्गाचं नाही ना?" सिस्टरने त्यांना आजार सांगितला, भिंत सांगितली, नळ सांगितला, कडी सांगितली. कालचे राहिलेले सगळे सांगितले. ती माणसे पुन्हा आली नाहीत.

तेव्हा सिस्टरने आयुष्यात प्रथमच घासाघीस करायचे ठरवले. आपल्याला सूट देता येत नव्हती, तर मागून बघावी. मावशी पंचवीसला तयार झाल्या तर आपण सव्वीसला विकू. सव्वीस कुणीतरी देईल. गणिताच्या बाईंनी देऊ केलेच होते. ती रविवारची वाट न बघता बुधवारीच गेली. वाटेत तिने वाक्य पाठ केले. मावशी, दोन लाखांचं काही करता येईल का?

मावशी मशीनवर होत्या. पायाची लय न मोडता त्यांनी वर पाहिले आणि तोंडभर हसल्या.

"या सिस्टर. मी म्हणतच होते, तुमचं तोंड गोड केल्याशिवाय जायचं नाही. शनिवारी बयाणा घेतला."

"कसला?"

"घराचा. सत्तावीसला सत्तावीस दिले हो, एक पैसा कमी म्हणाल्या नाहीत. तुम्ही पाठवलेल्या बाई."

मशीनचे चाक फिरतच होते. सिस्टरने कपाटाच्या कडेला हात टेकला.

"मी कुणाला पाठवलं?"

आता मावशींचा पाय थांबला. "गणिताच्या बाई नाही का? तुमचं नाव सांगितलं त्यांनी. म्हणाल्या, सिस्टरकडून कळलं. जमीन चौदा पावलं आहे इथपर्यंत सगळं ठाऊक होतं त्यांना. मला वाटलं, तुमचं जमत नाहीसं दिसतं, म्हणून तुम्हीच..." त्यांनी कात्री उचलली, परत ठेवली. "सात महिने थांबले होते, सिस्टर. आणखी दोन थांबले असते. एका शब्दाने विचारायला हवं होतं मी. तुमचं नाव ऐकलं आणि मला विचारावंसंच वाटलं नाही."

"बयाणा परत करता येईल?"

"कागद झाला. पैसे मुलीकडे गेले, तिचं घराचं काम अडलं होतं." मावशींच्या डोळ्यांत पाणी आले. "काय करून बसले मी."

"तुम्ही नाही," सिस्टर म्हणाली. "मी सांगून बसले."

मावशींनी चहा ठेवला. सिस्टर तो पिऊनच निघाली. मागच्या दाराकडे तिने पाहिले नाही.

त्या दिवशी ती छप्पन्न पायऱ्या चढली त्या एकेक करून. दार उघडले तर माळीबुवांचा डोळा दारावरच होता. वार बुधवार होता, रविवार नव्हता, म्हणजे काहीतरी झाले हे त्यांना कळले होते. ते पहिला प्रश्न विचारायचे, तो त्यांनी विचारला नाही.

सिस्टर खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली.

"मावशींचं घर गेलं," ती म्हणाली. "शनिवारी. गणिताच्या बाईंनी घेतलं. पत्ता मीच दिला होता."

माळीबुवांचा डावा हात पांघरुणावर उघडा पडला होता. त्यांनी तो हळूहळू मिटला.

"काही बोला ना."

"जेवून... घे," ते म्हणाले.

दलाल येऊन गेला. आता किती लावू, म्हणाला. तळमजल्याचे दुसरे घर या भागात पस्तीसच्या खाली नव्हते, आणि शहराबाहेर जे होते तिथून डॉक्टर दीड तासावर. सिस्टरने त्याला चहा दिला. त्यानेच मग जिन्याखालची 'घर विकणे आहे'ची पाटी काढली, सुतळी सोडवून खिशात घातली आणि पाटी काखेत मारून गेला.

महिन्याभराने एका सकाळी जिन्यात पावले वाजली. एक पाय पायरीवर, मग दुसरा त्याच पायरीवर. मध्ये दम खायला थांबणे. वर यायला त्यांना पुष्कळ वेळ लागला. गणिताच्या बाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"फोन केला असता," त्या म्हणाल्या, "पण हे फोनवर बोलायचं नाही."

सिस्टरने खुर्ची पुढे केली, पाणी दिले.

"मी तुमचं घर हिसकावायला गेले नव्हते, सिस्टर. पाच महिने वाट पाहिली मी. तुम्ही खाली याल म्हणून. माझ्याकडे अठ्ठावीस होते. तुम्ही तीस म्हणाला असतात ना, तर मी अठ्ठावीस दिले असते आणि आनंदाने घरी गेले असते. आयुष्यभर गणित शिकवलं, आणि हे असं." त्यांनी पदराने कपाळ टिपले. "मग गुडघा सुजला. तेव्हा तुम्ही सांगितलेलं आठवलं. मला वाटलं, एवढ्यात तुम्ही घेतलंच असेल, विचारून तर येऊ. तर ते मोकळंच होतं."

"होतं," सिस्टर म्हणाली.

"तुम्ही कधीही या. यांना घेऊन या. तुमचंच घर समजा."

तिघांनीही छप्पन्न पायऱ्यांचे काही म्हटले नाही.

बाई काहीतरी बोलायचे म्हणून बोलत राहिल्या. खोलीला रंग झाला. गॅस आला. "मागे फार चिखल होतो हो. पाय घसरायची भीती वाटते मला. सगळीकडे फरशी टाकून घेतेय. सोमवारी माणसं येतील."

सिस्टरचा हात पाण्याच्या तांब्याकडे गेलेला, तो तिथेच राहिला. तिने खाटेकडे पाहिले नाही.

खाटेवरून आवाज आला. लांबलचक, अडखळणारा, मध्ये घशात बुडून पुन्हा वर येणारा. बाई घाबरून उठल्या. "काय होतंय त्यांना? काही दुखतंय का?"

"दुखत नाही. बोलतायत," सिस्टर म्हणाली. ती खाटेजवळ गेली, वाकली, आणि ऐकू येईल तसे सांगू लागली. "ते म्हणतायत, फरशी टाका. पण मोरीचं पाणी भिंतीशी साचतं. उतार भिंतीकडे देऊ नका." ती थांबली, पुन्हा कान दिला. "उतार गल्लीकडे द्या. बोटभर पुरे. नाहीतर दोन पावसाळ्यांत भिंत धरेल ओल. मग बरी होत नाही."

"सांगते मी गवंड्याला," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून चिठ्ठी काढून लिहून घेतले. बोटभर, गल्लीकडे.

"आणि खडबडीत फरशी घ्या, म्हणतायत. गुळगुळीत नको. तुमचा गुडघा."

बाईंनी माळीबुवांना वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडल्या.

सिस्टर दाराशी उभी राहिली. माळीबुवांनी डोळा मिटला होता, पण ते झोपले नव्हते. पावले खाली चालली होती. एक पाय, मग दुसरा त्याच पायरीवर. तिसऱ्या मजल्याचा जिना संपला. दुसऱ्यावर बाई थांबल्या, मग पुन्हा निघाल्या. पावले बारीक होत गेली, विहिरीत सोडलेल्या दोरासारखी खाली खाली जात राहिली. तळाशी दरवाजा करकरला आणि नुसता रस्ता ऐकू येऊ लागला.

"पोच..." माळीबुवा म्हणाले.

"ते म्हणतायत, पोचल्या," सिस्टर म्हणाली. घरात दोघांशिवाय कुणी नव्हते.